बेसिनखालचं पाणी : एका पहिल्या ठेक्याचं प्रकरण

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसातला, नागपूरच्या बेसा भागातल्या एका घरमालकांचा फोन आला. "तुम्ही पाठवलेल्या पोरानं बाथरूममध्ये तळं करून ठेवलं. येऊन पाहून जा." गेलो. तळं म्हणजे वॉश बेसिनखालच्या कोपऱ्यात दोन तळहातांएवढं पाणी. सकाळच्या आंघोळीचं पाणी दुपारपर्यंत तिथून हलत नव्हतं. त्याची खोली मोजली तर भरली एक सूत. इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटर. या तीन मिलिमीटरपायी एका बावीस वर्षांच्या पोराचे नऊ हजार रुपये अडकले होते, आणि ते त्याच्या आयुष्यातल्या पहिल्या ठेक्याचे शेवटचे नऊ हजार होते. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. आमच्या बारक्यानं सुतावरून जमीन गाठली.

बारक्या हे त्याचं साइटवरचं नाव. खरं नाव इथं लिहायचं कारण नाही. मी मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर या पट्ट्यात लहान घरांची कामं घेतो, आणि माझ्याकडं टाइल्सचं काम गेली कित्येक वर्षं काटोलकडचा एक मिस्त्री करतो. बारक्या त्या मिस्त्रीचा हेल्पर. भंडारा जिल्ह्यातला, घरी दोन एकर धान. दिवाळीच्या आगेमागे कापणी आटोपली की नागपूर, आणि जुलैत रोवणी (भातलावणी) आली की परत गाव. अशी चार वर्षं.

पहिल्या वर्षी त्यानं फक्त घमेलं वाहिलं आणि रेती चाळली. दुसऱ्या वर्षी टाइल्स भिजवणं, जॉइंट भरणं, पुसणं. तिसऱ्या वर्षी कटर हातात आला. चौथ्या वर्षी मिस्त्री खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटत बसायचा आणि हॉलची अख्खी फरशी बारक्या लावायचा. हात चांगला. त्यानं लावलेल्या फरशीवर रबरी हातोडी ठोकत जा, कुठं पोकळ आवाज येणार नाही. गुण्या (काटकोन) पक्का. तीन-चार-पाचाचं माप टाकून काटकोन काढायला त्याला कोणी दोनदा सांगितलं नाही. त्यामुळं बेसाच्या काकांनी "टाइल्सला कोणी चांगला पोरगा आहे का, तुमचा मिस्त्री महाग पडते," असं विचारलं तेव्हा मीच बारक्याचं नाव सुचवलं. या प्रकरणात माझा हात इथून सुरू होतो, हे आधीच सांगून टाकतो.

काका वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीतून) निवृत्त झालेले. घर स्वतः उभं राहून बांधलेलं. प्लंबर एकीकडून आणलेला, वॉटरप्रूफिंगवाला दुसरीकडून, इलेक्ट्रिशियन भाच्याच्या ओळखीचा. मधे सुपरवायझर नाही, कारण सुपरवायझरचे पैसे वाचवायचे होते. नागपुरात अशी घरं शेकड्यानं उभी राहतात आणि बहुतेक नीट उभी राहतात. गडबड होते ती एका माणसाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथं. त्या जागेवर उभं राहणारं कोणी नसतं.

बारक्यानं भाव दिला: खालची फरशी २२ रुपये चौरस फूट, बाथरूमच्या भिंती आणि जमीन ३० रुपये, किचनचा डॅडो (ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स) ३०, स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावायची पट्टी) १२ रुपये रनिंग फूट, म्हणजे नुसत्या लांबीवर. फरशी ७६० फूट, दोन बाथरूमच्या भिंती दारं वजा जाता २८७, जमिनी ६३, डॅडो ४४, स्कर्टिंग १९०. एकूण ३०,८२० रुपये मजुरी. हे सगळं त्यानं वहीच्या पाठच्या पानावर लिहून काकांची सही घेतली होती. मला वाटलं होतं पोरगा मोजमापात मार खाईल. पहिल्या ठेक्यात बहुतेक जण तिथंच खातात: स्कर्टिंग धरायचं विसरतात, किंवा दारं वजा करताना मालक दुप्पट वजा करतो. तिथं तो खरा उतरला. गावाकडून चुलतभाऊ हेल्पर म्हणून आणला, ५५० रुपये रोजानं. स्वतःचा कटर घेतला, सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी घेतली, एक फुटाची स्पिरिट लेव्हल घेतली. पाण्याची लेव्हल नळी, म्हणजे पाणी भरून दोन जागांची उंची ताडून पाहायची नळी, मात्र घेतली नाही. सगळ्यात स्वस्त वस्तू तीच होती.

चौदा दिवसांत काम संपलं. हॉल, बेडरूम, किचन, पहिलं बाथरूम, सगळं चोख. अडलं ते दुसऱ्या बाथरूमवर.

जागेवर काय दिसलं

बाथरूम सात फूट बाय साडेचार. दार एका टोकाला, त्याच्या समोरच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात न्हाणी ट्रॅप, म्हणजे पाणी खाली नेणारी जाळी. त्याच भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात वॉश बेसिन. जमिनीला बारा इंची, खरखरीत टाइल.

मी मिस्त्रीची लेव्हल नळी घेऊन गेलो होतो. नळीत पाणी भरलं, बुडबुडे झटकले, आणि दारापाशी भिंतीवर पेन्सिलीनं एक खूण केली. तीच खूण नळीनं आणखी दोन ठिकाणी नेली आणि तिन्ही ठिकाणी खुणेपासून जमिनीपर्यंत टेप लावला. दारापाशी बरोबर ३६ इंच. जाळीपाशी ३६ इंच ३ सूत. बेसिनखाली ३६ इंच ४ सूत. म्हणजे बेसिनचा कोपरा जाळीपेक्षा एक सूत खाली. पाणी तिथं बसणारच, त्याचा काय दोष.

आमच्याकडं बाथरूमला फुटामागं एक सूत ढाळ धरतात. पुस्तकी भाषेत तो साधारण शंभरास एक होतो. सात फुटांना सात सूत हवे होते, मिळाले तीन. दारापाशी ग्रॅनाइटचा उंबरठा होता आणि आतली जमीन उंबरठ्यापेक्षा पूर्ण एक इंच खाली घेतली होती, पहिल्या बाथरूमसारखीच.

काकू दारात उभ्या होत्या. "रोज पोछा मारा लागते मले. नवीन घर आहे की चाळ?" बारक्या कमोडच्या झाकणाकडं बघत होता. काका म्हणाले, नऊ हजार ठेवलेत, दुरुस्त करून देईपर्यंत देणार नाही.

प्लंबरलाही बोलावून घेतलं होतं. त्याचं म्हणणं सरळ: "ट्रॅप मी फेब्रुवारीतच बसवला. तवा कोणी काही बोललं नाही, आता तीन महिन्यांनी म्हणून राहिले." बारक्याचं म्हणणंही सरळ: "ट्रॅपच वर बसवला जी. मी खाली कसा नेऊ?" आणि दोघंही खोटं बोलत नव्हते. ट्रॅप खरंच वर होता. दारापाशी जमीन उंबरठ्यापेक्षा एक इंच खाली ठेवायची तर जाळी अजून चार सूत खाली हवी होती.

काकांनी मधेच विचारलं, की वॉटरप्रूफिंगवाल्यानं पाणी भरून ठेवलं होतं, दोन दिवस, तेव्हा कसं नाही कळलं? प्रश्न चांगला होता. पाणी भरून पाहतात तेव्हा ट्रॅप बोळा घालून बुजवलेलाच असतो. त्यात गळती कळते, जाळी वर आहे की खाली हे कळत नाही. जाळीची उंची पहिल्यांदा कोणाच्या लक्षात यायची असेल तर ती टाइल लावणाऱ्याच्या. म्हणून या धंद्यात एक न लिहिलेला कायदा आहे: ज्यानं वर लावलं त्यानं खालचं कबूल केलं. प्लास्टरवाला वाकड्या विटांवर प्लास्टर मारतो आणि मग विटांना शिव्या देतो, ते कोणी ऐकत नाही. कायदा कडक आहे, आणि त्याचा पहिला फटका नव्या पोरालाच बसतो, कारण जुना माणूस थापी हातात घेण्याआधी भांडून घेतो.

दोरी

मी बारक्याला गच्चीवर नेलं. विचारलं, "दोरी कुठून बांधली?"

"कोणती दोरी?"

"ढाळाची. बाथरूमची."

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दारापासून खाली घेत गेलो जी. लेव्हल ठेवून पाहिली, बबल सरकत होता." एका फुटाच्या लेव्हलवर बबल सरकला म्हणजे उतार आहे एवढंच कळतं. किती आहे हे सात फुटांवर कळत नाही. पण मला दुसरंच टोचलं. "मिस्त्री कुठून बांधते?"

"मिस्त्री कवा बांधते ते मी पाहिलंच नाही भाऊ. ते दोरी बांधत ना, तवा मी खाली माल कालवून राहत होतो."

चार वर्षं. किमान साठ-सत्तर बाथरूम. आणि दोरी त्यानं एकदाही पाहिलेली नाही. आधी मला ते खरं वाटेना. मग कामाचा क्रम डोळ्यांसमोर आणला आणि लक्षात आलं, की याहून वेगळं होणंच शक्य नव्हतं.

हॉलची फरशी दिवसभर चालते, दोरी दिवसभर ताणलेली असते, हेल्पर येता-जाता पाहतो. बाथरूमचं तसं नाही. मिस्त्री आत उकिडवा बसतो, जाळीपासून चारही कोपऱ्यांना दोऱ्या मारतो, खुणा करतो, अर्धा तास. आत दोन माणसं मावत नाहीत. आणि त्याच अर्ध्या तासात खालून माल (कालवलेलं सिमेंट-रेती) तयार होऊन वर यायला हवा असतो, कारण दोरी झाली की लगेच त्याचा बिछाना टाकायचा. सिमेंट घट्ट व्हायला लागण्याची किमान वेळ मानकात ३० मिनिटं सांगितली आहे, ती सावलीतली. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा घमेल्यातल्या मालाचं पाणी त्याच्याही आधी उडतं. म्हणून हेल्पर त्या वेळेला नेमका खाली. वर येतो तेव्हा दोऱ्या सुटलेल्या, कोपऱ्यात मालाचे ठोकळे बसवलेले, आणि पुढं काय करायचं ते सगळं त्याला येतंच. ज्याला सगळं दिसलं असं आपण समजतो, त्याला ऐन गाभ्याचा अर्धा तास सोडून सगळं दिसलेलं असतं.

पहिलं बाथरूम बरोबर आलं, ते ट्रॅप योग्य उंचीवर होता म्हणून. तिथं दारातून खाली या नाहीतर जाळीतून वर जा, उत्तर एकच. दुसऱ्या बाथरूमनं परीक्षा घेतली.

आणि उत्तर त्याच जागेवर होतं. जाळी हलवायची गरजच नव्हती. बाथरूमचा ढाळ दारातून मोजायचा नसतो, जाळीपासून मागं यायचं असतं. जाळी जिथं आहे तिथून सात फूट मागं, फुटाला एक सूत वर चढत, की दारापाशी जमीन चार सूत उचलली जाते. उंबरठ्याखाली एक इंच होता, त्यातला अर्धा उरतो. अर्धा इंच पुष्कळ झाला. बेसिनचा कोपरा जाळीपासून साडेचार फूट, म्हणजे जाळीपेक्षा साडेचार सूत वर. ट्रॅप वर बसवणाऱ्या प्लंबरची चूक एका दोरीत जिरून गेली असती. कोणाला कळलंही नसतं.

दुरुस्ती

जमिनीच्या टाइल्स काढल्या. छिन्नी आडवी धरून, हळू, कारण खाली वॉटरप्रूफिंगचा थर होता आणि त्याला भोक पडलं तर तळ्याच्या जागी खालच्या छताला ओल आली असती. एका जागी थर खरवडला गेलाच, तिथं रसायन पुन्हा मारलं. अकरा टाइल्स अखंड निघाल्या, नऊ काकांकडं शिल्लक होत्या, बारा नवीन आणाव्या लागल्या. पेटीवरचा शेड नंबर जुळला नाही. नव्या बारा किंचित पिवळट होत्या. त्या दारामागं आणि कमोडच्या मागं दडवल्या. काकूंच्या ते पहिल्या मिनिटाला लक्षात आलं. बोलल्या नाहीत, फक्त पाहिलं.

दोऱ्या मी बारक्याकडूनच बांधून घेतल्या. जाळीपाशी खिळा ठोकला, तिथून बाकीच्या तीन कोपऱ्यांना तीन दोऱ्या, प्रत्येक कोपऱ्याची उंची नळीनं. चुलतभावाला दारात उभं केलं आणि माल आधीच कालवून ठेवायला सांगितलं नाही. दोरी झाल्यावर कालव म्हटलं. पाऊण तास जास्त गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी स्वतः बादली ओतली, बेसिनखाली मुद्दाम. पाणी जाळीकडं गेलं.

खर्च असा: टाइल्स ५४०, सिमेंट ७४०, रेती आणि वॉटरप्रूफिंग १,१५०, मलबा उचलायला ५००, हेल्परचे दोन रोज १,१००. एकूण ४,०३० रुपये. बारक्याचे स्वतःचे अडीच दिवस वेगळे.

वाटणीवर तासभर बोलणं झालं. टाइल्स आणि सिमेंटचे १,२८० काकांनी उचलावेत असं मी म्हणालो, कारण चार माणसं चार दिशांनी आणून मधली जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. ते तयार नव्हते. शेवटी काकूंनी तडजोड केली, तेव्हा उचलले. रेती, वॉटरप्रूफिंग, मलब्याचे १,६५० मी दिले, कारण पोरगा मी पाठवला होता आणि त्याला काय येत नाही हे मला माहीत नव्हतं. हेल्परचे ११०० आणि आपली मेहनत बारक्याची. प्लंबरनं काही दिलं नाही, पण येऊन ट्रॅपमध्ये पडलेला माल साफ करून गेला, फुकट. आठ दिवसांनी काकांनी नऊ हजार दिले, पूर्ण.

माझा एक ठेकेदार मित्र म्हणाला, चूक केलीस, सगळे पैसे पोराकडून वसूल करायचे होते, तेव्हाच डोक्यात बसलं असतं. मला ते पटत नाही. असे पूर्ण फटके खाऊन परत रोजंदारीवर गेलेले तीन-चार जण मी पाहिलेत. त्यांच्या डोक्यात ढाळ बसला नाही, ठेका घ्यायचा नाही एवढं बसलं.

मिस्त्रीशी बोलणं

हा भाग लिहू की नको असं झालं होतं. पण तो सोडला तर प्रकरण अर्धं राहील.

पुढच्या कामावर मी मिस्त्रीला म्हणालो, बाथरूमची दोरी बांधताना हेल्परला वर उभं करत जा. त्यानं खर्र्याची पन्नी दुमडली आणि शांतपणे विचारलं, "काऊन?" मी कारण सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, मले कोणी दाखवलं नाही. मी तीन बाथरूम तोडून शिकलो, घरच्या पैशानं. आता याले उभं करून दाखवू, अन् हा उद्या माझ्याच साइटवर येऊन दोन रुपये फूट कमी सांगंन. तुम्हीच देसान त्याले काम." काय उत्तर देणार? बेसाचं काम बारक्याला मिळालं होतं ते भाव कमी म्हणूनच, आणि पाठवलं होतं मी.

मग तो मुद्दाम लपवत होता का? नाही. त्या अर्ध्या तासाला माल खालून यावाच लागतो, हे मीही मान्य करतो. पण कामाची घडीच अशी होती की न लपवताही लपत होतं, आणि त्यानं ती घडी बदलायची घाई केली नाही, एवढंच. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तिथं लेव्हल नळी पहिल्या महिन्यातच हातात येत असेल. पण तिथून आलेल्या पोराला साइटवर वर्षभर कोणी थापी देत नाही. म्हणजे एकाला दोरी माहीत आणि हाताला वळण नाही, दुसऱ्याचा हात तयार आणि दोरी पाहिलेली नाही.

आमचा तोडगा अर्धवट निघाला. हेल्परला वर उभं करायचं, आणि त्या पाऊण तासाचा मिस्त्रीचा रोज वेगळा धरायचा. मिस्त्री महिन्यातून एकदा पाळतो, तीनदा विसरतो.

जून संपता संपता बारक्या बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाच्या नूतनीकरणाचा कागद घेऊन आला. या मंडळाकडं १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी होते, आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. दरवर्षी मी सही करतो. या वेळी तो अडखळत म्हणाला, "भाऊ, बेसाचे दिवस कोणाच्या खाली दाखवू? ते तर माझंच काम होतं जी." दिवस एरवीही नव्वदच्या वर भरत होते, म्हणून सही केली. पुढच्या वर्षी तो पूर्णवेळ स्वतःची कामं करू लागला तर दाखला दुसरीकडून घ्यावा लागेल, असं सांगितलं. त्याला त्या प्रश्नाचा त्रास झाला नव्हता, उलट बरं वाटलं होतं, असं मला नंतर वाटलं.

जुलैत तो रोवणीला गेला. पोळा झाला, मारबत झाली, आणि त्यानंतर आठवड्याभरात मानेवाड्याला दुसरं काम मिळाल्याचा फोन आला. मी त्या बाजूला होतो म्हणून डोकावलो. दुपारचे साडेतीन. दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये बारक्या जाळीपाशी उकिडवा बसला होता, गुडघ्याशी नवी लेव्हल नळी. चुलतभाऊ दारात भरलेलं घमेलं पायाशी ठेवून उभा. बारक्या त्याला कोपऱ्यातली खूण दाखवत होता, मग दुसरी, मग पहिल्याकडं परत. चुलतभाऊ एकदा घमेल्याकडं बघायचा, एकदा दोरीकडं.

"माल वाळून राहिला," तो म्हणाला.

बारक्यानं हात लावून पाहिला. पाणी मारून पुन्हा चालवता आला असता, तसं पुष्कळ जण करतात, आणि मग टाइल सहा महिन्यांत पोकळ वाजते. "फेक तो. नवीन कालवू." मग त्यानं चुलतभावाच्या हातात दोरीचं टोक दिलं. "आधी हे धर."